आप्पांना गोष्टीतून वगळू का?

साताऱ्याजवळच्या एका गावातून एका निवृत्त झेडपी शिक्षिकेचं लांबलचक पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय ६१. गेली दोन वर्षं त्या मुलांसाठी एक कादंबरी लिहितायत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, त्यांच्याच घरात घडलेली. नायक म्हणजे त्यांचे वडील, तेव्हा दहा वर्षांचे. वडिलांचे थोरले भाऊ, आप्पा, मराठा पलटणीत होते आणि १९४४ मध्ये इटलीतल्या लढाईत कामी आले. त्याच काळात वडिलांचे मामा, म्हणजे आप्पांचेही मामाच, पत्री सरकारात (इंग्रजांविरुद्ध साताऱ्याकडे उभं राहिलेलं प्रतिसरकार) भूमिगत होते आणि रात्री-अपरात्री बहिणीकडे भाकरी खायला यायचे. दहा प्रकरणं लिहून झालीत. आता चुलत भाऊ म्हणतात, "आप्पा इंग्रजाच्या पगारावर होते हे कशाला छापतेस, लोक काय म्हणतील, मामांची गोष्ट लिही, तीच शोभते." ओळखीतले एक लेखक म्हणाले मुलांना लढाई लागते, आप्पांना ठेवायचंच असेल तर रणांगण दाखवा. आणि सहावीतली नात, जी युद्धकाळातल्या लंडनच्या मुलांच्या इंग्रजी कादंबऱ्या एका बैठकीत संपवते, तिनं दोन प्रकरणं ऐकून विचारलं, "आजी, पण यात बॉम्ब कुठेय?" बाई विचारतायत की आप्पांना वगळू का, पत्री सरकारच्या शिक्षा मुलांच्या पुस्तकात दाखवू का, आणि जिथं बॉम्बच पडला नाही तिथली युद्धाची गोष्ट कोण वाचणार.

बाई, तुमच्या पत्राबरोबरची तीन प्रकरणं मी दोनदा वाचली, एकदा रात्री घाईत आणि एकदा सकाळी कृष्णेच्या घाटावर बसून नीट. मी सांगलीत एका वाचनालयाचा बालविभाग वीस-बावीस वर्षं सांभाळलाय, त्यामुळे मुलं काय हातात घेतात, काय दोन पानं वाचून परत ठेवतात, हे पाहिलेलं आहे. त्या जोरावर पहिलंच सांगते, लिहिणं थांबवू नका.

आधी नातीचा प्रश्न घेऊ कारण तीच तुमची पहिली वाचक आहे आणि तिचा प्रश्न मला चुलत भावांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. ती ज्या कादंबऱ्या वाचते त्यातल्या एखादीत बॉम्ब किती पानांवर पडतो हे तिच्याबरोबर बसून मोजा एकदा. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन-चार दिवसांत ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांतून साधारण पंधरा लाख लोक खेड्यांत हलवले होते, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली आणि गळ्यात गॅस मास्कचा खोका. मग अनोळखी घर, अनोळखी बाई, रात्री अंथरूण ओलं झालं तर सांगायचं कुणाला. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं, पुढे अंडं आठवड्याला एक, आणि गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन तर युद्ध संपून आठ वर्षं होत आली तरी होतं, १९५३ साली उठलं. त्या कादंबऱ्यांत जीव असतो तो ह्याच गोष्टींमुळे. तुमची नात बॉम्बसाठी वाचते असं तिला वाटतंय, खरं ती त्या परक्या घरातल्या पोरीसाठी वाचतेय, आई कधी येणार ह्यासाठी वाचतेय. मोठ्यांनी उभं केलेलं युद्ध लहानाच्या ताटात, कपड्यात, झोपेत कसं येतं एवढीच ती गोष्ट असते, आणि तसं बघितलं तर आपल्याकडे ते कमी आलं होतं का?

बॉम्ब साताऱ्यावर पडला नाही. पण १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिकडून येणारा तांदूळ आणि रॉकेल दोन्ही थांबलं, आणि ज्या घरात दिवाबत्तीला रॉकेलच होतं तिथल्या पोराचा अभ्यास उजेड असेपर्यंतच. कापड मिळेना, साखर मिळेना. सुट्टे पैसे बाजारातून गायब झाले, सरकारनं १९४० मध्येच रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली होती, एक रुपयाची नोट काढली होती, आणि १९४३ पासून तांबं वाचवायला मधे भोक असलेला पैसा पाडला. माझ्या आजीच्या ट्रंकेत असा एक पैसा होता. लहानपणी मी तो बोटात घालून बघायचे, करंगळीच्या टोकाशी अडकायचा. कडेनं झिजून गुळगुळीत झालेला, भोकाच्या आतल्या काठाला मात्र जरा धार होती आणि त्यात काळ्या करदोट्याचा एक धागा अडकून राहिलेला होता, कारण माझ्या काकांच्या कमरेला तो कित्येक दिवस बांधला होता म्हणे. आजी म्हणायची, "लढाईनं पैशाला बी भोक पाडलं." शाळेत असताना युद्ध हा धडा मी पाठ केला असेल, पण मला युद्ध कळलं ते त्या पैशानं. तुमच्या नातीच्या हातात असा एखादा पैसा ठेवा (जुन्या बाजारात अजून मिळतात, महाग नसतात) आणि मग तिला विचारा बॉम्ब कुठेय ते.

आणि तिला अजून एक सांगा, तिला नक्की आवडेल. ती लंडनच्या ज्या बेघर पोरांविषयी वाचते ना, तसलीच गोरी पोरं आपल्या शेजारी येऊन राहिली होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचएक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, रशियातून इराणमार्गे हाल काढत आलेली, १९४८ पर्यंत राहिली. तुमच्या गोष्टीतल्या पोरानं स्टेशनवर एकदा अशी गाडी पाहिली तर? मी म्हणत नाही की पाहिलीच पाहिजे, ओढूनताणून घालू नका, पण कोल्हापूरची रेल्वे तुमच्याच तालुक्यातून जायची.

आता आप्पा.

चुलत भावांच्या म्हणण्यामागे एक गोष्ट धरून चाललेली आहे, की एका घरात एक देशभक्त आणि एक इंग्रजांचा नोकर असे दोन कप्पे होते आणि आपल्याला त्यातला बरा कप्पा उघडायचाय. हे कप्पे १९४३ च्या घरात होते का, हे मला विचारायचंय. दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्कर पंचवीस लाखांच्या घरात गेलं, सगळे स्वतःहून भरती झालेले, सक्तीची भरती नव्हती, आणि त्यातले ८७ हजारांवर परत आलेच नाहीत. साताऱ्याच्या माणसाला तर हे सांगायलाही नको. पहिल्या महायुद्धातच एकट्या अपशिंग्यातले ४६ जण कामी आले, म्हणून त्या गावाच्या नावापुढे आजही मिलिटरी लागतं. माण-खटावकडची कोरडवाहू जमीन, तीही चार भावांत वाटलेली, पाऊस रुसला की ज्वारी नाही, त्या घरातला थोरला पोरगा पलटणीत जायचा तो आईच्या हातात दर महिन्याला मनीऑर्डर पडावी म्हणून. त्याला कुणी फितूर म्हणत नव्हतं, गावात तो सुट्टीवर आला की पोरं मागं लागायची. त्याच गावातला दुसरा पोरगा पत्री सरकारच्या तुफान सेनेत जायचा. आज आपण ऐंशीएक वर्षांनंतर बसून त्या दोघांना समोरासमोर उभं करतो आणि घरात भांडण होतं असं ठरवून टाकतो. असेलही भांडण. पण तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही, तुमच्या आजीचं तर नाहीच. उलट तुम्ही लिहिलंय की मनीऑर्डरच्या पैशातनं आणलेल्या ज्वारीची भाकरी मामा खायचे. बाई, ही ओळ तुम्ही पत्रात लिहिलीत, कादंबरीत नाही! इंग्रजाचा पगार, त्याची ज्वारी, आणि ती इंग्रजाविरुद्ध लढणाऱ्याच्या पोटात. हे तुम्हाला ठरवूनसुद्धा रचता आलं नसतं आणि ते तुमच्याकडे आयतं पडून आहे. आप्पांना काढलंत तर ही भाकरी येणार कुठून?

मुलांना एकच हीरो लागतो, दोन बाजू कळत नाहीत, हे जे मोठी माणसं धरून चालतात त्याचा मला अनुभव उलटा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना घरात दोन काकांचं पटत नाही, आई एका बाजूला आणि आजी दुसऱ्या बाजूला, तरी जेवायला सगळे एकत्र बसतात, हे रोज दिसतं. त्यांना कळतं. आपणच त्यांच्यापुढे एकेरी पुस्तकं ठेवतो आणि मग म्हणतो मुलं वाचत नाहीत.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं तिथं येते. तिसऱ्या प्रकरणात तुम्ही जाता-जाता लिहिलंय, "घरात वाचता येणारा तो एकटाच होता, म्हणून आप्पांची पत्रं तोच आईला वाचून दाखवायचा." आणि पुढे निघून गेलात, लगेच शाळेतल्या मारामारीवर. बाई, थांबा तिथं! माझ्या मते तुमची कादंबरी तिथंच आहे. दहा वर्षांचा पोरगा, चौथीत, हातात फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं पत्र, त्यावर गावाचं नाव नाही कारण जवान कुठं आहे हे लिहायला परवानगी नव्हती, मधल्या ओळींवर सेन्सॉरची शाई फिरवलेली. समोर आई चुलीशी बसलेली, कान इकडे. पत्रात आप्पांनी लिहिलंय की थंडीनं पायाची बोटं सुजलीत, शेजारचा गडी गेला. पोरगा ते वाचतो का गाळतो? पहिल्यांदा वाचतो आणि आई दोन दिवस जेवत नाही. दुसऱ्या पत्राला तो ती ओळ गाळतो. तिसऱ्या पत्राला गाळलेल्या ओळीच्या जागी स्वतःची एक घालतो, इथं जेवण चांगलं आहे वगैरे. आणि आईला कळतं की हे आप्पाचं बोलणं नव्हे, पण ती काही म्हणत नाही. सरकारनं शाई फिरवायची ती फिरवली आणि उरलेल्या पत्रावर घरातल्या पोरानं फिरवली. आज तुमचे चुलत भाऊ तुम्हाला नेमकं हेच करायला सांगतायत, तेवढी एक ओळ गाळ म्हणून. त्यांचा राग धरू नका, तेही आपल्या परीनं घराला जपतायत, जसं त्या पोरानं आईला जपलं. पण त्या पोराला पुढं आयुष्यभर ते कसं टोचलं असेल हे तुम्ही त्याची लेक म्हणून माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मग तार. नवव्या प्रकरणात तुमचं वाक्य आहे, "तार आली आणि घरावर आभाळ कोसळलं." हे वाक्य कुणीही लिहिलं असतं, तुम्ही लिहू नका. तुमच्याच पत्रात आहे की तार इंग्रजीत होती, वडिलांना वाचता आली नाही, ती घेऊन ते मास्तरांच्या घरी गेले. म्हणजे ज्यानं घरातलं प्रत्येक पत्र वाचलं त्याच्या हातात शेवटचा कागद असा आला की त्यातलं एक अक्षर त्याला लागत नाही, फक्त कदाचित आप्पांचं नाव कुठं असेल असं वाटतंय. घरापासून मास्तरांच्या घरापर्यंत किती अंतर होतं? वाटेत काय होतं, मारुतीचं देऊळ, ओढा, कुणाचा गोठा? कोण-कोण भेटलं आणि काय रे हातात म्हणून विचारलं? कागद खिशात ठेवला की मुठीत? मे महिना असेल तर पाय भाजत असतील. ते अख्खं चालणं लिहा, चार पानं लिहा, मास्तरांनी दार उघडलं तिथं प्रकरण संपवा. रडारड दाखवायची गरजच नाही. आणि तुमच्या त्या लेखक परिचितांना सांगा की हेच रणांगण आहे. इटलीतली लढाई तुम्ही पाहिलेली नाही, मुलानं पाहिलेली नाही, वाचून-वाचून ती लिहिलीत तर सिनेमातल्यासारखी होईल. तुमचा पोरगा गावातच राहू दे, त्याला युद्ध पत्रातून आणि लोकांच्या बोलण्यातूनच कळू दे, अर्धवट, चुकीचं, इटली म्हणजे मुंबईच्या पलीकडं कुठंतरी.

आप्पांविषयी पक्की माहिती मात्र काढा. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाची (Commonwealth War Graves Commission) वेबसाइट आहे, तिथं नाव, रेजिमेंट टाकून फुकट शोधता येतं, फक्त नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनानं कसं केलं असेल ते चार-पाच प्रकारे करून बघावं लागतं. इटलीत कसिनोला आणि सांग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत भारतीय जवानांची नावं कोरलेली आहेत, सांग्रोला तर दहन केलेल्या पाचशेहून जास्त भारतीय जवानांचं वेगळं स्मारकच आहे. त्यात आप्पा सापडले तर चुलत भावांना त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, वाद न घालता. दुसरं म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे, तिथं लिहून बघा, आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. घरात कुठं त्यांचा सैनिक नंबर असेल, जुन्या मनीऑर्डरच्या कुपनवर, पदकाच्या कडेवर, तो आधी शोधा, त्यानं काम सोपं होतं. ज्या वाचकांच्या घरी असं कुणी होतं त्यांनाही हेच सांगेन, पदक असेल तर ब्रासोनं घासण्याआधी त्याची कड वाचा.

एक गोष्ट तुमच्या प्रकरणांत मला दिसली नाही, ती सांगून ठेवते. तुमच्या गावात पोस्टमन फक्त तुमच्या आळीत येतो. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली, आणि त्याआधीही पहिल्या महायुद्धात त्या समाजातली माणसं लढलेली होती. तुमच्या गावातल्या महारवाड्यातही कुणाची तरी आई पत्राची वाट बघत असणार आणि तिथं वाचून दाखवणारा कोण होता? तुमचा पोरगाच तिकडे पत्र वाचायला गेला तर त्याला घरून परवानगी होती का, तो उंबऱ्याच्या आत गेला का बाहेर उभं राहून वाचलं? हे मी सोय म्हणून सुचवत नाहीये, गाव खरं लिहायचं तर ते गावाच्या दोन्ही टोकांचं लिहावं लागेल एवढंच.

शिक्षांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मी बरेच दिवस विचार केला. पत्री सरकारची नुसती गौरवाची बाजू लिहिणं सोपं आहे, आणि गौरव करावा असं त्यात पुष्कळ आहेच. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार झाला, माणसं पडली, त्यानंतर ही माणसं भूमिगत झाली आणि नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते ४६ त्यांनी शेकडो गावांत स्वतःचं राज्य चालवलं, न्यायदान मंडळं काढली, सावकारांना आळा घातला, हुंडा न घेता गांधी पद्धतीची लग्नं लावली. पण त्याच राज्यात खबऱ्यांना आणि गुंडांना जबर शिक्षा व्हायच्या, तळपायावर काठ्या मारायचे, त्यावरूनच पत्री हे नाव पडलं असं लोक सांगतात. आणि दुसऱ्या बाजूनं सरकारचे पोलीस गावात शिरून धान्य सांडायचे, म्हाताऱ्यांना मारायचे, गावावर सामुदायिक दंड बसवायचे. हे सगळं दहा वर्षांच्या पोराला माहीत होतं. म्हणून मुलांच्या पुस्तकात येऊ द्या, पण ज्या अंतरावरून त्या पोरानं पाहिलं त्याच अंतरावरून. मारताना दाखवू नका. दुसऱ्या दिवशी गावातला एक माणूस भिंतीला धरून टाचेवर चालतोय आणि कुणी त्याच्याशी बोलत नाही, त्याचा पोरगा वर्गात तुमच्या पोराशेजारी बसतो, पाटीवर काहीच लिहीत नाही. मामा रात्री आले की पोरगा त्यांच्या हाताकडे बघतो. एवढं पुरे. पोरगा मामांना विचारेल किंवा विचारणार नाही, ते तुम्ही ठरवा, पण मामांच्या तोंडी लांब उत्तर नको, त्यांना भाकरी खाऊ द्या. पालक तक्रार करतील अशी भीती तुम्हाला वाटतेय, करतील काही जण, पण मुलं ह्यापेक्षा कितीतरी भयंकर गोष्टी मोबाइलवर बघतायत, त्यात ज्याला मार बसला त्याच्या पोराचा चेहरा कधीच दाखवत नाहीत.

आणि कृपा करून पोराला शेणोलीच्या गाडीवर पाठवू नका! तुमच्या आराखड्यात सातव्या प्रकरणात तो तुफान सेनेबरोबर पगाराची गाडी लुटायला जातो असं दिसतंय. ७ जून १९४३ ची ती घटना खरी आहे, क्रांतिवीरांची नावं इतिहासात आहेत, तिथं काल्पनिक दहा वर्षांचा पोरगा घुसवला की खऱ्यांचाही मान जातो आणि पोरही खोटं वाटतं. मुलांनी त्या चळवळीत खरंच कामं केलीत, चिठ्ठ्या पोचवल्या, भाकरीची गाठोडी नेली, पोलीस दिसले की ओरडून सावध केलं. बायका-मुलींनीही केलीत, नाना पाटलांच्या लेक हौसाताई तर स्वतः भूमिगतांबरोबर होत्या, २०२१ मध्ये गेल्या, शेवटपर्यंत सांगायच्या. तर गाडीची बातमी पोराला बाजारात कळू दे, चार जण चार प्रकारे सांगतायत, आणि तो घरी येतो तर मामा माळ्यावर झोपलेले आहेत. ते तिथं होते का नव्हते, हे वाचणाऱ्या मुलानं डोकं खाजवून ठरवावं.

काही बारीक चुका राहिल्यात, त्या सांगते, कारण मुलं ह्यात फार चिकित्सक असतात आणि त्यांच्या घरी एखादे पणजोबा असतात जे बरोबर पकडतात. पोरगा एसटीनं कराडला जातो असं लिहिलंय, एसटी १९४८ मध्ये सुरू झाली, त्याला रेल्वेनं, बैलगाडीनं नाहीतर पायी पाठवा. सांगली जिल्हा म्हणू नका, तेव्हा तासगाव, वाळवा हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं, सांगली शहर पटवर्धनांचं संस्थान, आणि कुंडल तर औंध संस्थानात. हे तुम्हाला उपयोगीही पडेल, संस्थानाची हद्द ओलांडली की इंग्रजी पोलिसांचं काम अवघड व्हायचं, आणि पोराच्या दृष्टीनं हद्द म्हणजे काय तर शेतातला एक दगड. तासगावात द्राक्षबागा दाखवल्यात, त्या फार नंतरच्या, तेव्हा ज्वारी, भुईमूग, कुठं ऊस आणि गुऱ्हाळ. रुपयाचे शंभर पैसे १९५७ पासून, त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे, तेव्हा हिशोबाची गणितं परत तपासा. हळदीच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात) मामा लपतात तो प्रसंग मला आवडला, पण पेव उघडल्या-उघडल्या आत कुणी उतरत नाही, आतली हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात. हरिपूरकडच्या जुन्या माणसांना विचारा, ते हातवारे करून सांगतील, २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं गेली पण सांगणारी माणसं आहेत. पोरानं दोरीनं कंदील खाली सोडलाय आणि ज्योत बारीक होत चाललीय, मागं कुत्री भुंकतायत, हे लिहाल तर बॉम्ब नाही म्हणून कुणीही पुस्तक खाली ठेवणार नाही.

चुलत भावांचं काय करायचं, हा खरा घरगुती प्रश्न आहे. आप्पांवर त्यांचाही तुमच्याइतकाच हक्क आहे हे मान्य करा. गावाचं नाव बदला, माणसांची नावं बदला, आडनाव तर येऊच देऊ नका, कादंबरी आहे ती, कुलवृत्तांत नाही. पण बदल करून झाल्यावर त्यांना विचारायला जाऊ नका, वाचून दाखवायला जा. ते तारेचं प्रकरण घेऊन जा आणि तुम्ही मोठ्यानं वाचा, त्यांच्या घरातली मुलंही बसू देत. त्यानंतरही ते नको म्हणाले तर आप्पांचं नातं बदलून शेजारच्या घरातला थोरला करता येईल का बघा, थोडं नुकसान होईल पण भाकरी वाचेल, कारण मनीऑर्डरची ज्वारी शेजारीही देतात. मात्र आप्पांना अजिबातच काढायचं असेल तर मग ही कादंबरी बाजूला ठेवून दुसरी लिहा असं मी म्हणेन. अर्धी शाई फिरवलेलं पत्र तुमच्या नातीच्या हातात देऊ नका.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत आधी करायचं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आत्या अजून आहेत, नव्वदीच्या, तासगावकडे लेकीकडे असतात, ऐकू कमी येतं पण आठवण चांगली आहे. आप्पांची तार आली तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या असतील. त्यानंतर मामा घरी कधी आले, आपला भाचा गोऱ्यांच्या लढाईत गेला हे कळल्यावर ते बहिणीपाशी बसून काय बोलले, का काहीच बोलले नाहीत, हे आज जगात सांगू शकेल असं तेवढंच एक माणूस उरलंय. ह्याच रविवारी जा. जाताना वही काढून पुढ्यात बसू नका, म्हाताऱ्या माणसांना वही दिसली की ती भाषण करायला लागतात. नातीला बरोबर न्या, भाकरी करायच्या वेळेला पोचा, आणि आत्यांना एवढंच विचारा की तेव्हा चुलीपुढं कोण कुठं बसायचं.